‘बुत’ कुणाला म्हणाले?

पत्र थोडक्यात असं : नागपूरच्या उत्तर भागात राहणाऱ्या एका ताईंनी ते लिहिलं आहे. वय ५६, शाळेतली नोकरी अजून दोन वर्षं बाकी. पती दोन वर्षांपूर्वी गेले. पतींचे तीस वर्षांचे जिवलग मित्र मोमिनपुऱ्यात गादी-रजईचं दुकान चालवतात. मुलं त्यांना ‘चाचा’ म्हणतात, ताई ‘भाईजान’. दर वर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी पाणी आणि पोह्यांचा स्टॉल हे दोघे मित्र मिळून लावायचे. पती गेल्यावरही भाईजाननी तो बंद पडू दिला नाही. परवा पतींच्या दुसऱ्या स्मृतिदिनी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, जेवणाची पंगत बसायची होती, भाईजान खुर्च्या उचलत होते. २५ वर्षांचा मुलगा, पुण्याहून नोकरीतून सुट्टी काढून आलेला, कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. भाईजान म्हणाले, “तेरा बाप होता तो ऐसाइच बुत बनके बैठता क्या रे?” म्हणजे पुतळ्यासारखा ढिम्म. मुलगा उसळला. “बुत कुणाला म्हणता? बुत म्हणजे आमचा बुद्ध. मूर्ती फोडणाऱ्यांचा शब्द आहे तो, आमच्या घरात चालणार नाही.” भाईजान काही न बोलता निघून गेले. ते अजून आलेले नाहीत, फोनही नाही. पुढच्या महिन्यात मुलीचा मंगल परिणय आहे. मुलगी म्हणते चाचा हवेतच, मुलगा म्हणतो ते आले तर मी मंडपात उभा राहणार नाही. ताई विचारतात : हा शब्द खरंच तसा आहे का? माफी कुणी मागायची? आणि शेवटी एक ओळ : “हॉलमधल्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावताना आता मला तोच शब्द ऐकू येतो.”

ताई,

आधी तुमच्या मुलाच्या बाजूनं बोलतो, कारण तो बरोबर आहे. निदान अर्धा तरी. ‘बुत’ हा शब्द ‘बुद्ध’वरूनच आला. बाबासाहेबांनी भारतातल्या बौद्ध धम्माच्या ऱ्हासाबद्दल लिहिताना नेमका हाच मुद्दा मांडला आहे. दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून मुलानं ते खंड आणून वाचले असतील, तर मला त्याचं कौतुकच वाटतं. पुण्यातल्या एका खोलीत बसून पंचविशीतलं पोरगं शब्दाच्या मुळाशी जातंय, ही काही लहान गोष्ट नाही. त्याला ‘काहीतरी वाचून डोकं फिरवून घेतलंस’ असं चुकूनही म्हणू नका. म्हणून झालं असेल तर ते आधी मागे घ्या.

आता उरलेला अर्धा. शब्द बुद्धावरून निघाला, पण निघाला कसा, ते बघू.

बुद्ध गेल्यावर पुढची कित्येक शतकं त्यांची मूर्ती नव्हती. सांचीला बघा, बुद्ध दाखवायचे तिथे पाऊलखुणा आहेत, बोधिवृक्ष आहे, रिकामं आसन आहे. मूर्ती आल्या त्या इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत, मथुरा आणि गांधारकडे. गांधारातून धम्म पुढे गेला आजच्या अफगाणिस्तानातल्या बामियान, बल्खला, त्याही पलीकडे. तिथे डोंगर कोरून उभी केलेली एवढी थोरली मूर्ती लोकांनी बघितली आणि ‘हे काय?’ असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘बुद्ध’. इराणी बोलींत त्याचं ‘बुत’ झालं. त्या मुलखात नजरेला पडणारी मूर्ती बहुतेक बुद्धाचीच. त्यामुळे हळूहळू मूर्ती म्हटली की ‘बुत’. आपण नाही का, कुठल्याही कंपनीच्या मशीनवर काढलेल्या नकलेला ‘झेरॉक्स’ म्हणत, किंवा कुठल्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’? एखादं नाव सगळ्या जातीचं नाव व्हायला ती वस्तू घरोघरी असावी लागते. म्हणजे ‘बुत’ हा शब्द एक पुरावासुद्धा आहे. आज जिथे एकही विहार उरलेला नाही, तिथे कधीकाळी मूर्ती म्हटली की लोकांच्या नजरेसमोर बुद्धच यायचे, याची साक्ष त्या प्रदेशाची भाषा रोज देते, नकळत. मला तरी त्या शब्दात आधी ते ऐकू येतं.

बल्खला ‘नव विहार’ होता. फारसीत त्याचं ‘नौबहार’ झालं आणि फारसी कवींनी त्याचा ‘नवा वसंत’ करून टाकला. त्या विहाराचा कारभार पाहणारं घराणं म्हणजे बरमकी. ‘प्रमुख’ या संस्कृत शब्दाचं ‘बरमक’. याच घराण्यातले पुढे मुसलमान होऊन बगदादच्या खलिफांचे वजीर झाले. आणि बामियानच्या त्या दोन मूर्ती, एक ५५ मीटरची, दुसरी ३८ मीटरची, तिथल्या लोकांच्या तोंडी ‘सुर्ख बुत’ आणि ‘खिंग बुत’ होत्या, म्हणजे लाल आणि करडा. गझनीच्या महमुदाचा राजकवी उन्सुरी, त्यानं या दोघांवर काव्य रचलं होतं. धन्याची ख्याती बुतशिकन, म्हणजे मूर्ती फोडणारा म्हणून, आणि चाकर बुतांवर कविता लिहितोय! भाषा अशीच असते, राजाचं ऐकत नाही.

हे सांगताना मला एक गोष्ट झाकायची नाही. ‘बुतशिकन’ ही पदवी होती, ती मिरवणारे होते, आणि विहार फोडले गेले, जाळले गेले. बामियानच्या मूर्ती तर मार्च २००१ मध्ये तालिबाननं सुरुंग लावून उडवल्या, तुमचा मुलगा तेव्हा फार तर पाळण्यात असेल. त्याचा राग खोटा नाही. पण या शब्दाला काळिमा लावणारे एकटे मुसलमान नव्हते. जरथुश्त्री, म्हणजे पारशी धर्माच्या पुरोहितांच्या पहलवी (जुन्या फारसीतल्या) ग्रंथांत ‘बुत’ नावाचा एक दैत्य आहे, हिंदुस्थानात लोक त्याची पूजा करतात असं तिथे सांगितलं आहे. कुराणात मूर्तींसाठी जे शब्द येतात त्यांत ‘बुत’ नाही, तिथे ‘सनम’चं अनेकवचन ‘अस्नाम’ येतं. बाबासाहेबांनी ‘बुत’ला अरबी म्हटलं आहे. शब्दाची रूपं बघितली तर अरबीत तो ‘बुद्द’ असा गेला आणि ‘बुत’ हे रूप फारसीचं. बुद्धापासून निघाला हा बाबासाहेबांचा मूळ मुद्दा त्यानं हलत नाही.

‘सनम’ वाचताना थांबलात का? थांबायलाच हवं. हाच तो सनम, जो हिंदी गाण्यांत दर दुसऱ्या कडव्याला येतो. फोडण्याजोगी मूर्ती असा ज्याचा अर्थ, तो शब्द कवींच्या हाती पडला आणि ‘प्राणप्रिय’ झाला. ‘बुत’चंही तेच झालं. फारसी-उर्दू शायरीत बुत म्हणजे ती, जिच्यापुढे शायर गुडघे टेकतो, आणि जी दगडासारखी ढिम्म राहते. मुलाच्या मोबाइलमधली गाणी चाळायला मी सांगत नाही, पण त्यात चार तरी सनम सापडतील, पैज लावतो.

दुसऱ्या वाटेनं काय झालं तेही ऐका. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द अरबीत ‘बूदासफ’ झाला. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ब’ला खाली एक नुक्ता, म्हणजे टिंब, ‘य’ला दोन. नकलाकाराच्या हातून एक नुक्ता वाढला आणि ‘बूदासफ’चा ‘यूदासफ’ झाला. तो जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असा फिरत फिरत ‘जोसाफत’ नावानं युरोपात पोचला. राजपुत्र, ज्याला बापानं दुःख दिसू नये म्हणून महालात ठेवलं आणि ज्यानं शेवटी राज्य सोडलं. रोमन चर्चच्या संतांच्या जुन्या यादीत त्याचा स्मरणदिन २७ नोव्हेंबर असा होता. सिद्धार्थाच्या कथेला शतकानुशतकं ख्रिस्ती मंडळी हात जोडत होती, कुणाला पत्ता नव्हता. एक शब्द दैत्य झाला, त्याच्या शेजारचा संत. मग ‘बुद्ध’ या शब्दाचा पश्चिमेकडे अपमान झाला म्हणायचं की सन्मान?

आपल्या घरातही डोकावू. ‘थेर’ म्हणजे वडीलधारा भिक्खू, संस्कृतात ‘स्थविर’. थेरवाद, थेरीगाथा हे शब्द तुमच्या घरात नित्याचे असतील. ज्यांच्याकडून बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या नागपुरात दीक्षा घेतली, ते उ चंद्रमणी महास्थवीर. त्या पदवीतला ‘स्थवीर’ म्हणजे हाच थेर. आणि मराठीत याच शब्दाचं काय झालं? ‘थेरडा’. घरमालकाला, बसमध्ये जागा न देणाऱ्या म्हाताऱ्याला, सासऱ्याला मागून, आपण किती सहज थेरडा म्हणतो. तुमच्या मुलानंही आयुष्यात एकदा तरी म्हटलं असेल. तो तेव्हा महास्थवीरांचा अपमान करत होता का? छे. त्याच्या तोंडी तो मराठी शब्द होता, जसा भाईजानच्या तोंडी ‘बुत’ हा नागपुरी हिंदी शब्द होता. एरवी मराठीत ते म्हणाले असते ‘नंदीबैलासारखा काय बसलास’, आणि शंकराचा कुणी भक्त उठून भांडला नसता.

पंजाबात तर चौकातल्या साध्या पुतळ्यालाही ‘बुत्त’च म्हणतात. तिथे गावोगाव बाबासाहेबांचे पुतळे आहेत, आणि त्यांचे अनुयायी ‘डॉक्टर अंबेडकर दा बुत्त’ असं छाती फुगवून सांगतात. मुलाला हे जरूर सांगा. तो हसेल किंवा चिडेल, पण विचारात पडेल.

आता त्याच्या म्हणण्याच्या मुळाशी असलेली समजूत, जी मला पटत नाही : शब्द जिथे जन्मला किंवा जिथे मळला, तिथेच तो कायमचा बांधलेला असतो. असं असतं तर ‘दीक्षा’चं काय केलं असतं आपण? दीक्षा हा वैदिक यज्ञाचा शब्द. सोमयाग करणाऱ्या यजमानाला आधी दीक्षा घ्यावी लागे, ‘दीक्षित’ हे आडनाव त्यातूनच आलं. बुद्धांनी तर पशुबळीचे यज्ञ नाकारले, आणि पाली परंपरेत संघप्रवेशाला शब्द आहेत ‘पब्बज्जा’ आणि ‘उपसंपदा’. तरीही आज नागपूर स्टेशनाबाहेर ऑटोवाल्याला नुसतं ‘दीक्षा’ म्हणा, तो यज्ञशाळा शोधत नाही, सरळ निघतो. लाखो माणसांनी एका दिवशी त्या शब्दाचा अर्थ बदलून टाकला. ‘धर्म’ बाजूला ठेवून ‘धम्म’ उचलणं हेही बाबासाहेबांनी असंच जाणीवपूर्वक केलं. शब्द हाती घेऊन त्याचं काय करायचं हे माणसं ठरवतात, हे ज्या शहरानं डोळ्यांनी पाहिलं, तिथला मुलगा म्हणतो की शब्द जन्माला चिकटून राहतो. जन्मावरून पत ठरवू नये हे जिथे शिकलो, तिथेच शब्दाला मात्र जन्माची वेगळी शिक्षा का?

पण याचा उलटा गैरफायदा घेणारेही मला लिहितात, म्हणून मध्येच एक खुलासा. ‘मूळ अर्थ तर चांगलाच होता’ ही सबब कुणी कुणाचा पाणउतारा केल्यावर पुढे करू नये. सम्राट अशोकाची पदवी ‘देवानांप्रिय’. पुढे संस्कृत व्याकरणात याच शब्दाचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदला गेला (नोंदवणारे भट्टोजी दीक्षित, आडनावाकडे लक्ष असू द्या). एखाद्याला टोमण्यानं ‘देवानांप्रिय’ म्हणायचं आणि वर ‘अहो, देवांचा लाडका म्हणालो’ असं सांगायचं, याला लबाडी म्हणतात. जातीचं नाव शिवीसारखं फेकणाऱ्यालाही हेच लागू. शब्द कुणी, कुणाला, कोणत्या स्वरात आणि कोणत्या दिवशी म्हटला, हे आधी बघायचं. व्युत्पत्ती नंतर.

तर ताई, बघूया. कुणी म्हटलं? तीस वर्षं तुमच्या उंबऱ्यावर असलेल्या, पुण्यानुमोदनाला खुर्च्या उचलणाऱ्या माणसानं. कोणाला? मूर्तीला नाही, कोपऱ्यातल्या पोराला. आणि दिवस कोणता होता?

इथे मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. भाईजानचं वाक्य तुम्ही एकदाच लिहिलंय आणि नंतर सगळं पत्र ‘बुत’ या शब्दाभोवती फिरतं. त्या वाक्याची सुरुवात मात्र ‘तेरा बाप होता तो’ अशी आहे. बापाच्या स्मृतिदिनी, बापाच्या फोटोसमोर, शंभर नातेवाइकांत, बापाच्या मित्रानं हे म्हटलं. मला वाटतं पोराला लागलं ते इथे. ‘बुत’ हा त्याला सापडलेला शब्द आहे, ज्यावर भांडता येतं, ज्याच्यासाठी पुस्तकाचं पान दाखवता येतं. ‘माझ्या बापाचं नाव घेऊन मला बोलू नका’ असं म्हणायला गेला असता तर त्याला रडू आलं असतं. पंचविशीतली पोरं त्यापेक्षा इतिहासावर भांडणं पसंत करतात. आणि तो मोबाइलमध्ये काय बघत होता, हे कुणी विचारलंय का? बापाचे जुने फोटो असले तर मला आश्चर्य वाटणार नाही. नसतील, रीलही असतील. तरी विचारा.

आणखी एक विचारा, पण पंगतीत नाही, तो आणि तुम्ही दोघंच असताना : पुण्यात त्याला काही ऐकावं लागतं का? ऑफिसात, फ्लॅट भाड्यानं घेताना, आडनाव सांगितल्यावर. बाहेर गिळलेलं घरात ओकलं जातं, आणि ते बहुधा जो उलटून बोलणार नाही त्याच्यावरच.

माफीचं म्हणाल, तर दोघांकडूनही मागवू नका. मुलाला ‘जा, पाया पड’ म्हणालात तर तो जाईल, पण तुमच्यासाठी जाईल आणि आतून ताठ राहील. भाईजानना ‘शब्द मागे घ्या’ म्हणणं त्याहून वाईट, कारण त्यांना अजून कळलेलंच नसेल की नेमका कुठला शब्द. माझी खात्री आहे, ते बिचारे ‘बाप’ या शब्दावरच झुरत असतील. म्हणून आधी तुम्ही एकट्या जा. पत्रिका घेऊन नाही, पत्रिकेनं ते औपचारिक होतं. नुसत्या जा, चहा घ्या, आणि शब्दांचा इतिहास तिथे अजिबात काढू नका. ‘पोराला बापाची आठवण सहन झाली नाही, भाईजान’ एवढं म्हणा. ‘बुत’ची गोष्ट ते विचारतील तेव्हा सांगा. त्यांना ती नवी असेल, आणि पुढच्या वेळी तुमच्या घरात तो शब्द त्यांच्या तोंडून येताना अडखळेल. तेवढं पुरे.

मुलीचं म्हणणं मात्र मोडू नका. मंगल परिणय तिचा आहे. ज्याला मंडपात उभं राहायचं नाही त्याच्यासाठी पाहुण्यांची यादी बदलायची नसते, मग तो सख्खा भाऊ का असेना. हे मुलाला शांतपणे, एकदाच सांगा.

अशीच पत्रं इतरांचीही येतात. पत्रिकेवर ‘धर्म’ छापलं की ‘धम्म’, वहिनी ‘जय भीम’ऐवजी ‘नमस्कार’ म्हणाली, शेजारी ‘विहार’ला ‘मंदिर’ म्हणतो. त्या सगळ्यांना : शब्द दुरुस्त करायचा असेल तर पंगतीत करू नका, आणि ज्यानं चूक केली त्याच्या शेजारी बसून करा, समोर उभं राहून नको.

आता मूर्तीसमोर ऐकू येणारा तो शब्द. तो घालवायचा प्रयत्न करू नका, तसा तो जातही नाही. मेणबत्ती लावताना आला तर येऊ द्या. बल्खच्या एखाद्या बाईनंही तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी दिवा लावताना तोच उच्चार केला असेल, आणि तिच्या मनात तेव्हा फक्त बुद्ध असतील.

राहिली शेवटची गोष्ट, जी पत्राच्या मागच्या पानावर, ता. क. म्हणून तुम्ही लिहिली आहे : मुलीच्या लग्नाची गादी आणि रजई मी स्वतः भरीन, असं भाईजाननी तुमच्या पतींना शब्द दिला होता. तुम्ही जाऊन आल्यावर चार दिवसांनी पलंगाचं माप मुलाकडे द्या आणि त्यालाच मोमिनपुऱ्यात पाठवा. माफी मागायला नाही, माप द्यायला. लांबी-रुंदी नीट लिहून द्या, इंचात. कापूस किती किलो घालायचा हे मात्र लिहू नका, ते दोघांना बोलून ठरवावं लागेल.